प्रिऑनच्या आजारावर डॉक्सिसायक्लिन : वाचकांच्या शंका आणि उत्तरे

मागील अंकातील स्मृतिभ्रंशावरच्या लेखात क्रॉइट्सफेल्ट-याकोब आजाराचा, म्हणजे सीजेडी या प्रिऑनमुळे होणाऱ्या मेंदूच्या जीवघेण्या आजाराचा, जेमतेम दोन ओळींत उल्लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : या आजारावर प्रतिजैविके वापरून पाहिली गेली होती म्हणतात, त्याचे पुढे काय झाले? म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे न देता फक्त गावांचा उल्लेख केला आहे आणि पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

सांगली : आमचे थोरले काका गेल्या वर्षी सीजेडीने गेले. आधी चालताना तोल जाऊ लागला, मग नजरेत गोंधळ सुरू झाला, पुढे ते घरच्यांनाही ओळखेनासे झाले आणि सारे चार महिन्यांत आटोपले. नंतर चुलतभावाच्या वाचनात आले की युरोपात या आजारासाठी डॉक्सिसायक्लिनची चाचणी झाली होती. ही गोळी तर आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टोसाठी सर्रास देतात. इतके साधे औषध हाताशी असताना ते काकांना का दिले गेले नाही, ही रुखरुख काकूंच्या मनातून जात नाही.

काकूंना एवढे नक्की सांगा की ती गोळी दिली असती तरी काकांच्या आजाराची वाट बदलली नसती. मी हे केवळ धीर देण्यासाठी म्हणत नाही. हा प्रश्न मोठ्या कष्टाने तपासला गेला आहे आणि त्याचे उत्तर हाती आहे.

इटली आणि फ्रान्स या दोन देशांनी मिळून ही चाचणी केली. इटलीत एप्रिल २००७ पासून आणि फ्रान्समध्ये जानेवारी २००९ पासून रुग्णांची नोंदणी सुरू झाली. एकूण १२१ रुग्ण सहभागी झाले. त्यांपैकी ६२ जणांना रोज १०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन मिळाले आणि ५९ जणांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. कोणाच्या वाट्याला काय आले आहे हे रुग्णाला, त्याच्या घरच्यांना आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही माहीत नव्हते. मध्यंतरी आकडे तपासले तेव्हा औषधाचा फायदा दिसण्याची शक्यता उरलेली नाही असे लक्षात आले आणि चाचणी ठरल्या वेळेआधीच थांबवण्यात आली. २०१४ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांतील रुग्ण सारखाच काळ जगले होते. औषध रुग्णांना सोसले, पण आजारावर त्याचा काहीही परिणाम झाला नाही.

१२१ हा आकडा लहान वाटेल. मात्र सीजेडी दर वर्षी दहा लाख लोकांमागे एखाददुसऱ्याच माणसाला होतो, निदान होईपर्यंत अनेक आठवडे निघून गेलेले असतात आणि निदानानंतर बहुतेक रुग्ण काही महिनेच जगतात, हे ध्यानात घेतले तर दोन देशांतील डॉक्टरांनी एवढे रुग्ण गोळा करून त्यांची काटेकोर विभागणी केली, ही मोठीच गोष्ट म्हणावी लागेल.

ठाणे (औषधविक्रेते) : फार्मसीच्या अभ्यासात आम्हाला शिकवले गेले की टेट्रासायक्लिन गटातील (डॉक्सिसायक्लिन त्यातलेच) औषधे जीवाणूंच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेवर, काम करतात. प्रिऑन तर जीवाणूही नाही आणि विषाणूही नाही. त्याला रायबोसोमच नाही. मग त्याच्यावर प्रतिजैविक चालेल, ही कल्पना मुळात सुचली कशी?

आपली शंका रास्त आहे. तिचे उत्तर मिलानच्या एका वेगळ्याच कथेत सापडते.

प्रथम प्रिऑनबद्दल थोडक्यात सांगतो. आपल्या चेतापेशींच्या पृष्ठभागावर एक प्रथिन असते. त्याची घडी बिघडली की ते शेजारच्या चांगल्या रेणूंनाही तीच बिघडलेली घडी घ्यायला लावते आणि हे रेणू एकमेकांना चिकटून तंतूंच्या गुठळ्या बनवत जातात. कॅलिफोर्नियातील स्टॅनली प्रुसिनर यांनी १९८२ साली हा विचार मांडून अशा संसर्गक्षम प्रथिनाला प्रिऑन हे नाव दिले, तेव्हा त्यांची पुष्कळ चेष्टा झाली. १९९७ साली त्यांना नोबेल मिळाले. म्हणजे येथे मारण्यासारखा कोणी जीव नाहीच. औषधाकडून अपेक्षा असेल ती एवढीच की त्याने त्या गुठळीत शिरून तिची वीण सैल करावी किंवा नवे रेणू तिला चिकटू देऊ नयेत.

आता मिलानकडे वळू. कर्करोगावरचे डॉक्सोरुबिसिन हे औषध इटलीतलेच. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले तो आपुलिया प्रांतातील कास्तेल देल मोंते या किल्ल्याजवळच्या मातीत सापडला होता. औषधाचे अ‍ॅड्रियामायसिन हे व्यापारी नाव एड्रियाटिक समुद्रावरून पडले. याच औषधाचा आयोडिन जोडलेला एक प्रकार, आयोडोडॉक्सोरुबिसिन, कर्करोगासाठी तपासला जात असताना एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. अ‍ॅमिलॉइडोसिस या आजारात शरीरात वेगळ्याच एका प्रथिनाचे तंतू साचतात. हे औषध घेतलेल्या अशा काही रुग्णांमधील तो साठा कमी होऊ लागला. औषध तंतूंना जाऊन चिकटत होते. १९९५ साली हे प्रसिद्ध झाले आणि मिलानमध्येच प्रिऑनवर काम करणाऱ्या फाब्रित्सियो तालियाविनी, जानलुईजी फोर्लोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते लगेच उचलले. बेस्ता न्यूरॉलॉजी संस्था आणि मारिओ नेग्री संशोधन संस्था या त्यांच्या संस्था. १९९७ साली त्यांनी दाखवून दिले की आजारी मेंदूचा अर्क या औषधात मिसळून हॅमस्टरना टोचला तर आजार उशिरा येतो आणि प्राणी जास्त काळ जगतात.

मात्र आयोडोडॉक्सोरुबिसिन हृदयाला बाधक, आणि मेंदूत ते फारसे पोहोचतही नाही. त्यामुळे रचनेने त्याच्या जवळचे, पण रुग्णाला सोसेल असे औषध हवे होते. डॉक्सोरुबिसिनसारखी चार कड्यांची सपाट चौकट टेट्रासायक्लिनमध्येही आहे, कडेने पाण्याशी सलगी करणारे गट आहेत आणि ही औषधे जगभर दशकानुदशके वापरात आहेत. आपल्या दुकानातल्या डॉक्सिसायक्लिनच्या पट्टीचा प्रिऑनशी संबंध जुळला तो असा, केवळ आकाराच्या साधर्म्यावरून. रायबोसोमचा त्यात काडीचाही संबंध नव्हता.

प्रयोगशाळेत हा परिणाम कसा मोजला, हे आपल्याला औषधविक्रेते म्हणून जाणून घ्यायला आवडेल. प्रोटिनेज-के हे प्रथिने पचवणारे विकर आहे. निरोगी मेंदूच्या अर्कात ते घातले तर आपले हे प्रथिन पूर्णपणे पचून जाते आणि प्रथिने रेषांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीच्या पट्टीवर काहीही उरत नाही. आजारी मेंदूच्या अर्कात मात्र घट्ट घडीचा गाभा शिल्लक राहतो आणि पट्टीवर तीन ठळक रेषा उमटतात. मिलानच्या संशोधकांनी अर्क आधी टेट्रासायक्लिनमध्ये ठेवला आणि मग त्यात विकर घातले. औषधाची मात्रा वाढवावी तशा रेषा फिक्या होत गेल्या, म्हणजे न पचणारे प्रथिन पचू लागले होते. बीएसई झालेल्या, म्हणजे ‘मॅड काऊ’ आजाराच्या, गाईंच्या मेंदूवर आणि त्यातून माणसांत आलेल्या आजाराच्या रुग्णांच्या मेंदूवरही हाच प्रयोग झाला आणि तोच परिणाम दिसला. हे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले.

नागपूर (वैद्यकीय विद्यार्थिनी) : प्रयोगशाळेत गुण आला, हॅमस्टरमध्येही आला आणि माणसांत शून्य. आम्हाला वर्गात सांगतात की प्राणी आणि माणूस वेगळे असतात. पण नेमके काय वेगळे पडले?

‘प्राणी वेगळे’ हे उत्तर खरे असले तरी आळशीपणाचे आहे, त्यामुळे आपण थोडे आकडे मांडून पाहू.

आधी मात्रा. वरील प्रयोगांत औषधाची सर्वांत जास्त मात्रा १ मिलिमोलर होती. डॉक्सिसायक्लिनचा रेणुभार साधारण ४४४ धरला तर ती लिटरमागे सुमारे ४४४ मिलिग्रॅम होते. माणसाने २०० मिलिग्रॅमची मात्रा तोंडाने घेतली तर दोन तासांनी रक्तातील पातळी लिटरमागे अडीच मिलिग्रॅमच्या आसपास असते. चाचणीत तर रोज १०० मिलिग्रॅमच दिले होते आणि मेंदूभोवतालच्या द्रवात रक्तातल्या पातळीचा काही अंशच उतरतो. प्रयोगशाळेत कमी मात्रेतही काही परिणाम दिसले होते हे मान्य, पण परीक्षानळीत दिसलेले आणि मेंदूत मिळू शकणारे यांत शेकडो पटींचा फरक असेल, तर त्या नळीवरून किती अपेक्षा ठेवायची?

दुसरी गोष्ट वेळेची, आणि माझ्या मते तीच निर्णायक आहे. याच मिलानच्या गटाने २००८ साली हॅमस्टरवरचे जे प्रयोग प्रसिद्ध केले ते आपण मुळातून वाचावेत. प्रिऑन स्नायूत टोचून तासाभरातच त्याच जागी डॉक्सिसायक्लिनचे एक इंजेक्शन दिले तेव्हा प्राण्यांचे आयुष्य ६४ टक्क्यांनी वाढले. औषधाचे साधे द्रावण थेट मेंदूत सोडले तर ते प्राण्यांना बाधत होते. म्हणून प्रिऑन मेंदूत टोचून ६० दिवसांनी औषध चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये, भरून मेंदूत सोडले, तेव्हा आयुष्य सुमारे ८ टक्क्यांनीच वाढले. आता आपल्या ओपीडीत येणारा रुग्ण या दोहोंपैकी कोणासारखा आहे ते पाहा. त्याला संसर्गाच्या तासाभरात कोणी पाहिलेले नसते. एमआरआयवर मेंदूच्या सालीची पांढरी किनार दिसते तोवर त्याच्या असंख्य चेतापेशी गेलेल्या असतात. म्हणजे तो त्या दुसऱ्या गटाच्याही पुढे गेलेला असतो. माणसांत काय घडणार, हे त्या प्रयोगातल्या दुसऱ्या आकड्याने आधीच सांगितले होते. आपण सगळ्यांनी वाचला मात्र पहिला आकडा.

प्रिऑनच्या जाती निरनिराळ्या असतात, हा तिसरा मुद्दा. हॅमस्टरमध्ये वापरलेली जात प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढवलेली, झपाट्याने मारणारी आहे आणि माणसाचा सीजेडी म्हणजे ती नव्हे. काही औषधे उंदरांतील प्रिऑनवर चालतात आणि माणसाच्या प्रिऑनवर चालत नाहीत, हे पुढे इतर रेणूंच्या बाबतीतही दिसून आले.

पुणे (संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक) : मी असे वाचले की मिलानमध्ये चाचणीपूर्वी २१ रुग्णांना डॉक्सिसायक्लिन दिले गेले होते, ते सरासरी १३ महिने जगले, तर औषध न घेतलेले ७८ रुग्ण ६ महिने. दुपटीहून अधिक फरक, आणि तोही भरवशाचा वाटावा असा. मग रीतसर चाचणीत तो फरक गेला कुठे?

सर, हा प्रश्न तुम्हीच विचारावा हे फार बरे झाले, कारण याचे उत्तर वैद्यकापेक्षा तुमच्या विषयात जास्त आहे.

ते २१ रुग्ण चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते. दुसरा कोणताच उपाय नाही म्हणून सहानुभूतीपोटी त्यांना औषध दिले होते आणि त्यांची तुलना आधीच्या काळातील, औषध न मिळालेल्या रुग्णांशी झाली. औषध कोणाला मिळते? ज्याचे निदान लवकर झाले, जो निदानानंतरही गोळी गिळण्याइतका शुद्धीवर आहे, ज्याच्या घरचे धावपळ करून मिलानपर्यंत पोहोचले आणि जो औषध सुरू होईपर्यंत हयात आहे, त्याला. दोन महिन्यांत गेलेला रुग्ण औषधाच्या गटात येऊच शकत नाही; तो आपोआप दुसऱ्या गटात जाऊन तिथली सरासरी खाली ओढतो. जी शाळा नववीतच कच्ची मुले गाळते आणि मग दहावीचा शंभर टक्के निकाल फलकावर लावते, तिच्या निकालाइतकाच या फरकावर विश्वास ठेवायचा.

त्यात सीजेडीच्या रुग्णांमध्ये मुळातच मोठी तफावत असते. प्रिऑन प्रथिनाच्या जनुकात १२९ व्या स्थानी दोन्ही प्रती मेथिओनिन या अमिनो आम्लाच्या असतील तर आजार बहुधा काही महिन्यांत संपतो. एक मेथिओनिनची आणि एक व्हॅलिनची असेल तर तो वर्षभर किंवा त्याहून अधिक रेंगाळू शकतो. संथ आजाराचे चार रुग्ण एका बाजूला जास्त आले तरी २१ जणांची सरासरी कुठल्या कुठे जाते. आणखी एक गोष्ट मला खटकते. या रुग्णांचा शेवट पुष्कळदा न्यूमोनियाने होतो आणि डॉक्सिसायक्लिन हे अखेर प्रतिजैविकच आहे. छातीचा एखादा संसर्ग टळून कोणाला चार आठवडे जास्त मिळालेही असतील, पण त्याला प्रिऑनवरचा परिणाम म्हणता येणार नाही.

हा सापळा याआधीही एकदा समोर आला होता. २००१ साली प्रुसिनर यांच्याच प्रयोगशाळेने दाखवले की क्विनाक्रिन हे मलेरियावरचे जुने औषध पेशींतील प्रिऑन नाहीसे करते. पुढे ब्रिटनमध्ये त्याची ‘प्रिऑन-१’ नावाची चाचणी झाली. रुग्णांना तीन पर्याय दिले होते : औषध घ्या, घेऊ नका, किंवा निर्णय चिठ्ठीवर सोडा. १०७ जणांपैकी चिठ्ठीचा मार्ग फक्त दोघांनी स्वीकारला. मरण समोर दिसत असताना कोण आपले औषध चिठ्ठीवर सोडेल? तो दोष रुग्णांचा नाहीच. अखेर ज्यांनी आपण होऊन क्विनाक्रिन घेतले त्यांच्यात मृत्यू कमी दिसले खरे, पण सुरुवातीला आजार किती बळावला होता याचा हिशेब घातल्यावर तो फरक नाहीसा झाला. कमी आजारी रुग्णांनी औषध निवडले होते, एवढाच त्याचा अर्थ. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत क्विनाक्रिनची दुहेरी अंध, म्हणजे कोणाला काय मिळाले हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसलेली, चाचणी झाली आणि दोन महिन्यांच्या जगण्यात कोणताही फायदा आढळला नाही.

म्हणून डॉक्सिसायक्लिनच्या चाचणीत ५९ कुटुंबांच्या वाट्याला निष्क्रिय गोळी आली, हे ऐकून पुष्कळांना ते क्रूर वाटते, तसे मला वाटत नाही. ती ५९ कुटुंबे नसती तर आज जगभर सीजेडीच्या प्रत्येक रुग्णाला ही गोळी मिळत राहिली असती, ‘दुप्पट आयुष्य’ असे प्रत्येक नातेवाइकाला सांगितले गेले असते आणि खऱ्या औषधाचा शोध तेवढाच मागे पडला असता.

आता एक आकडा तुमच्यासाठी मुद्दाम राखून ठेवला आहे. जर्मनीत गटिंगेन येथे इंगा त्सेर यांच्या गटाने हाच प्रश्न आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यावर तपासायचे ठरवले. दुहेरी अंध भागात त्यांना जेमतेम १२ रुग्ण मिळाले, ७ औषधाचे आणि ५ निष्क्रिय गोळीचे. मग त्यांनी औषध घेतलेल्या ५५ आणि न घेतलेल्या ३३ रुग्णांचे निरीक्षणात्मक आकडे त्यांत मिळवले आणि २०१७ साली निष्कर्ष दिला की आयुष्य थोडे वाढते. पी-मूल्य ०.०४९, म्हणजे ०.०५ या रूढ मर्यादेच्या जेमतेम आत. यावर मी काही बोलण्याची गरज नाही. निरीक्षणात्मक भागातील दोष बारा रुग्णांनी धुऊन निघत नाहीत, हे तुम्ही वर्गात कित्येकदा सांगितले असेल.

कोल्हापूर : नुकसान नसेल तर सीजेडीच्या रुग्णाला ही गोळी ‘चालली तर चालली’ म्हणून द्यायला काय हरकत आहे? दुकानात सहज मिळते.

हरकत आहे. चाचणीत ती सोसली, पण तेथे रुग्णांवर सतत देखरेख होती. सीजेडीमध्ये गिळण्याची क्रिया लवकर बिघडते आणि डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. म्हणूनच ती भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यायची आणि घेतल्यावर लगेच आडवे व्हायचे नाही, असे सांगितले जाते. अंथरुणाला खिळलेल्या, घोटभर पाण्यानेही ठसका लागणाऱ्या रुग्णाला हे कसे जमणार? फायदा नाही हे ठाऊक असलेल्या गोळीसाठी हा त्रास का द्यायचा? शिवाय विदर्भात स्क्रब टायफसच्या रुग्णाला हेच औषध जीवदान देते, आणि मुंबईत साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्यांना लेप्टो होऊ नये म्हणून हेच सुचवले जाते. प्रतिजैविके उगाच वापरून बोथट करण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही.

प्रतिजैविकांची ही वाट टेट्रासायक्लिनपासून सुरू झालेली नाही, हेही जाता जाता सांगतो. बुरशीवरचे अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हे औषध हॅमस्टरमध्ये हाच आजार लांबवते, असे १९८७ सालीच इटलीत दिसले होते. माणसात मात्र त्याचाही उपयोग झाला नाही.

नाशिक : माझी आई आनुवंशिक प्रकारच्या प्रिऑन आजाराने गेली. मी ४४ वर्षांची आहे आणि अजून जनुकीय तपासणी करून घेतलेली नाही. उशीर झाल्यामुळे औषध चालत नसेल, तर आजार होण्याआधीच मी डॉक्सिसायक्लिन सुरू करावे का?

ताई, आपल्या प्रश्नात जो तर्क आहे तोच तर्क इटलीतील संशोधकांनीही मांडला आणि त्यावर एक विलक्षण प्रयोग उभा केला.

व्हेनेतो प्रांतात एक कुटुंब आहे, ज्याच्या अनेक पिढ्यांत पन्नाशीच्या सुमारास माणसांची झोप उडते, घाम, रक्तदाब आणि नाडी ताब्यात राहत नाही आणि वर्षा-दीड वर्षात मृत्यू येतो. बोलोन्यातील डॉक्टरांनी १९८६ साली या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याला जीवघेणा आनुवंशिक निद्रानाश म्हणतात. १९९२ साली त्यामागचा प्रिऑन जनुकातील १७८ व्या स्थानाचा बदल सापडला. या कुटुंबातील बेचाळिशी उलटलेल्या, जनुकात तो बदल असलेल्या १० निरोगी व्यक्तींना रोज १०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन १० वर्षे द्यायचे, अशी योजना २०१२ साली सुरू झाली.

यातील अडचण आपल्याला माझ्यापेक्षा जास्त कळेल. कुटुंबातील बहुतेकांना आपल्यात तो बदल आहे की नाही हे जाणून घ्यायचेच नव्हते. ज्याच्या हाती गोळी पडेल त्याला आपले भवितव्य कळणार. म्हणून बदल नसलेल्या १५ नातेवाइकांनाही तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. २५ जण रोज एकसारखी दिसणारी गोळी घेत राहिले आणि आपण कोणत्या बाजूचे आहोत हे त्यांना कळले नाही. ‘कळू नये’ हा अधिकार जपण्यासाठी निरोगी माणसांनी इतकी वर्षे एक निरुपयोगी गोळी गिळायची, आणि तीही आपल्या भावंडांसाठी! प्रिऑनवरच्या संशोधनात मला याहून जास्त आदर कशाबद्दल वाटत नाही.

तरीही या योजनेवर आधारून आपण औषध सुरू करावे, असे मी म्हणणार नाही. तिथे तुलना पुन्हा कुटुंबातील जुन्या नोंदींशीच आहे, कारण बदल असलेल्यांना निष्क्रिय गोळी देणे कोणाला मान्य नव्हते. दहा माणसांत आणि आजार सुरू होण्याचे वय इतके मागेपुढे होणाऱ्या रोगात, त्यातून ठाम निष्कर्ष काढणे फार कठीण असते. आपल्या आईचा प्रकार कोणता हेही पाहावे लागेल, कारण जनुकातील बदल निरनिराळे असतात आणि प्रत्येकाची चाल वेगळी असते.

आपल्यासाठी पहिले पाऊल गोळी नव्हे, जनुकीय समुपदेशन हे आहे. आपल्यात तो बदल असण्याची शक्यता ५० टक्के आहे आणि तेवढीच नसण्याचीही. तपासणी करायची की नाही, हे आपणच ठरवायचे. भावंडांचा, नवऱ्याचा किंवा डॉक्टरचा त्यासाठी तगादा नको. मूल होऊ देण्याचा विचार असेल तर हा बदल नसलेला गर्भ निवडण्याची सोय मोठ्या केंद्रांत आहे आणि त्यासाठीही समुपदेशकच योग्य मार्ग दाखवतील.

लंडन : येथे युनिव्हर्सिटी कॉलेजच्या रुग्णालयात प्रिऑनविरोधी अँटिबॉडी रुग्णांना दिल्याच्या बातम्या काही वर्षांपूर्वी मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात चर्चेला आल्या होत्या. प्रतिजैविकांचा नाद सुटला आहे का? आणि आता काय चालू आहे?

प्रतिजैविकांचा नाद जवळपास सुटला आहे असे म्हणायला हरकत नाही, निदान आजार सुरू झाल्यानंतरच्या उपचारांपुरता तरी. आपण म्हणता ती अँटिबॉडी पीआरएन-१०० या नावाची. २०१८ च्या ऑक्टोबरपासून ती सहा रुग्णांना देण्यात आली. सगळे रुग्ण पुढे दगावले, पण औषध मेंदूत पोहोचते आणि गंभीर अपाय करत नाही, हे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालातून दिसले.

सध्याचा भर मात्र गुठळ्या फोडण्यावर नाही, तर मुळात प्रथिनच कमी तयार व्हावे यावर आहे. झुरिकमध्ये चार्ल्स वाइसमान यांच्या गटाने १९९३ साली दाखवले होते की ज्या उंदरांत हे प्रथिनच नाही, त्यांना प्रिऑन टोचूनही आजार होत नाही. बिघडवायला चांगले रेणूच नसतील तर साखळी पुढे सरकत नाही. आयओएन-७१७ हे आयोनिस कंपनीचे औषध याच तत्त्वावर बनवले आहे. प्रथिन बनवण्याचा निरोप वाहणाऱ्या आरएनएला ते चिकटते आणि निरोप पेशीतच नष्ट होतो. ते पाठीच्या कण्यातून, मेंदूभोवतालच्या द्रवात सोडावे लागते, म्हणजे रक्तातून मेंदूत शिरण्याची डॉक्सिसायक्लिनची अडचण येथे नाही. त्याची माणसांवरील पहिली चाचणी २०२४ च्या सुरुवातीला सुरू झाली.

या कामात बॉस्टनजवळच्या ब्रॉड संस्थेतील सोनिया वल्लभ आणि एरिक मिनिकेल या दांपत्याचा मोठा वाटा आहे. सोनिया यांच्या आईचा मृत्यू आनुवंशिक प्रिऑन आजाराने झाला आणि जनुकातील तो बदल आपल्यातही आहे हे समजल्यावर वकिली सोडून त्या या संशोधनाकडे वळल्या. त्यांचे म्हणणे असे की बदल असलेल्या निरोगी माणसांना आजार होईपर्यंत थांबवून ठेवण्याऐवजी मेंदूतील प्रथिन किती घटले हे द्रव तपासून मोजावे आणि त्यावरच औषधाची पारख करावी. दहा वर्षे वाट पाहण्याची गरज मग उरत नाही. इटलीतल्या त्या कुटुंबाकडे असे मोजायला काहीच नव्हते. डॉक्सिसायक्लिन मेंदूतील प्रिऑनपर्यंत पोहोचते आहे की नाही हे जिवंत माणसात तपासण्याची कोणतीही सोय त्या काळी नव्हती, त्यामुळे ‘आजार झाला की नाही’ याची वाट पाहणे एवढेच त्यांच्या हाती होते.

लंडनच्या आपल्या मंडळात कोणाच्या घरी आनुवंशिक प्रकार असेल, तर त्यांनी तेथील राष्ट्रीय प्रिऑन क्लिनिककडे आजार होण्याची वाट न पाहता नाव नोंदवावे. अशा नोंदी आधीच तयार असल्याशिवाय पुढच्या चाचण्यांना लागणारी माणसे वेळेत मिळणार नाहीत.